नक्कल, हक्क आणि नोटीस : स्वामित्वहक्काच्या दुरुपयोगाचे ऐतिहासिक विवेचन

१

ग्रंथकर्त्याला त्याच्या श्रमाचे फळ मिळावे आणि त्याच्या अनुमतीवाचून त्याचा ग्रंथ दुसऱ्या कोणी छापून विकू नये, या हेतूने स्वामित्वहक्काचा कायदा निर्माण झाला. त्या हेतूविषयी वाद असण्याचे कारण नाही. परंतु गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत या कायद्याचा एक निराळाच उपयोग होऊ लागल्याचे आढळून येते. एखाद्या व्यक्तीविषयी अथवा संस्थेविषयी प्रतिकूल मजकूर महाजालावर प्रसिद्ध झाला, तर तो खोटा आहे हे सिद्ध करण्याच्या खटाटोपात ती पडत नाही. त्या मजकुरात आपल्या मालकीचे पत्र, छायाचित्र, ध्वनिमुद्रण किंवा गीताची चाल वापरली आहे, एवढीच तक्रार ती संबंधित माध्यमसंस्थेकडे करते. तक्रार पोहोचताच मजकूर दिसेनासा होतो. मजकूर खरा होता की खोटा, हा प्रश्न कोणी विचारीतच नाही.

या प्रकाराकडे केवळ तंत्रविद्येतून उद्भवलेली एक नवी अडचण म्हणून पाहिले जाते. ही दृष्टी अपुरी होय. अप्रिय मजकूर दडपू पाहणाऱ्याने प्रत्येक काळात असा मार्ग शोधला आहे, की ज्या मार्गावर न्यायाधीश उभा नसेल. पूर्वी तो मार्ग राज्यसत्तेच्या हाती होता. आता तो खाजगी हक्कधारकाच्या हाती आला आहे. हे स्थित्यंतर कसे घडले, आणि त्यात इतिहासाच्या अभ्यासकाचे काय पणाला लागले आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे उपयुक्त ठरेल. इंग्रजी ‘कॉपीराइट’ या शब्दाचा अर्थ सरळ आहे : प्रत काढण्याचा हक्क. मराठीत मात्र ‘स्वामित्वहक्क’ हा शब्द अधिक रूढ झाला. ‘मुद्रणाधिकार’ आणि ‘प्रताधिकार’ हे शब्द मूळ अर्थाच्या जवळचे असूनही व्यवहारात मागे पडले. या निवडीचा परिणाम अर्थावर झाल्यावाचून राहिला नाही. ‘प्रताधिकार’ म्हटले की हक्क प्रतीपुरता आहे हे ध्यानात राहते. ‘स्वामित्व’ म्हटले की सांगितलेल्या गोष्टीवरच मालकी आहे असा ग्रह होतो. कायद्याची भूमिका अशी मुळीच नाही. आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली स्पष्ट केले की, कल्पना, विषय, ऐतिहासिक वा पौराणिक घटना यांवर कोणाचाही स्वामित्वहक्क असू शकत नाही. हक्क असतो तो त्या मांडण्याच्या विशिष्ट रीतीवर. म्हणजेच एखाद्या संस्थेच्या पत्रातील वाक्यरचना त्या संस्थेची असेल. पत्रातून उघड होणारी वस्तुस्थिती तिची नव्हे.

याहून बोलका शब्द ‘नक्कल’ हा आहे. अरबीतून आलेल्या या शब्दाला मराठीत दोन अर्थ चिकटले आहेत. कचेरीतील दस्तऐवजाची ‘नक्कल’ मिळविणे म्हणजे पुराव्यासाठी हुबेहूब प्रत घेणे. आणि एखाद्याची ‘नक्कल’ करणे म्हणजे त्याच्या बोलण्याचालण्याचे अनुकरण करून हसे उडविणे. पहिली नक्कल पुरावा देते, दुसरी विडंबन करते. दोन्हींना मूळ वस्तू डोळ्यांसमोर ठेवावी लागते, आणि ती पुनः उपस्थित केल्याशिवाय दोन्हींचे काम होत नाही. स्वामित्वहक्काच्या नोटिशीचा जो दुरुपयोग पुढे पाहावयाचा आहे, त्याचे लक्ष्य नेमक्या या दोन नकला आहेत, ही गोष्ट लक्षणीय आहे.

हक्काच्या आधारे ग्रंथ दडपला जाऊ शकतो, ही भीतीही नवी नाही. हिंदुस्थानातून स्वदेशी परतलेल्या मेकॉलेने ५ फेब्रुवारी १८४१ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात स्वामित्वहक्काची मुदत वाढविण्यास विरोध करताना हीच भीती बोलून दाखविली. कादंबरीवाचन हेच ज्याला गैर वाटते असा वारस रिचर्डसनच्या कादंबऱ्यांना लाभला, किंवा बॉस्वेलने लिहिलेल्या जॉन्सनचरित्राची ज्याला लाज वाटते अशा पुत्राच्या हाती त्या ग्रंथाचा हक्क गेला, तर ते ग्रंथ जगाला पारखे होतील, असा त्याच्या युक्तिवादाचा रोख होता. १८४२ च्या इंग्लिश कायद्यात, ग्रंथकर्त्याच्या मृत्यूनंतर हक्कधारक पुनर्मुद्रणास नकार देत असेल तर इतरांस परवाना देण्याची तरतूद झाली. स्वतंत्र भारताच्या १९५७ च्या कायद्यातील ३१ वे कलम, म्हणजे लोकांपासून रोखून धरलेल्या कृतीसाठी सक्तीचा परवाना देण्याची तरतूद, याच विचारपरंपरेतील आहे. हक्क हे दडपणाचे साधन होऊ नये, ही जाणीव अशा रीतीने कायद्याच्या जडणघडणीतच आहे.

३

एकोणिसाव्या शतकात दडपणाचे काम मुख्यतः सरकार करीत होते. त्या काळच्या मराठी पुस्तकांच्या आरंभीच्या पानांवर, पुस्तक १८६७ च्या २५ व्या ‘आक्टा’प्रमाणे रजिस्टर केले असून सर्व हक्क कर्त्याने आपणाकडे ठेवले आहेत, अशा आशयाचा मजकूर वारंवार दिसतो. हा कायदा मुद्रणालये आणि पुस्तकांची नोंदणी यांसंबंधीचा होता. छापलेल्या पुस्तकाच्या प्रती सरकारात दाखल कराव्या लागत आणि त्यांवरून प्रांतिक सूची तयार होई. याच कायद्याच्या १८ व्या कलमानुसार दोन रुपये भरले असता ती नोंद १८४७ च्या स्वामित्वहक्क कायद्याखालील नोंद म्हणूनही गणली जात असे. एकाच नोंदवहीतून ग्रंथकर्त्याला हक्क मिळे आणि सरकारला देशी मुद्रणावर नजर ठेवता येई. हक्काचे संरक्षण आणि लेखनावरील पहारा यांचे हे साहचर्य इतके जुने आहे.

यानंतर १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत देशी भाषांतील वृत्तपत्रांपुरता कायदा झाला. मुद्रक व प्रकाशक यांच्याकडून मुचलका लिहून घेण्याचा, अनामत मागण्याचा आणि ती जप्त करण्याचा अधिकार त्याने अधिकाऱ्यांना दिला. या निर्णयावर न्यायालयात अपील नव्हते. इंग्रजी पत्रे त्यातून वगळली होती. कलकत्त्याच्या ‘अमृतबझार पत्रिके’ने भाषा बदलून इंग्रजीचा आश्रय घेतला तो यामुळेच. लॉर्ड रिपनच्या कारकीर्दीत हा कायदा रद्द झाला, तरी त्यातील मर्म राज्यकर्त्यांना कळून चुकले होते : लेखकाला दोषी ठरविण्यापेक्षा मुद्रकाला धास्ती घालणे सोपे असते. लेखकाला आपल्या मजकुराची आस्था असते. मुद्रकाला आपल्या यंत्राची आणि अनामतीची काळजी अधिक असते.

याच्या उलट जेथे प्रकरण न्यायालयात गेले, तेथे सत्तेला काही किंमत मोजावी लागली. टिळकांवरील १८९७ आणि १९०८ चे राजद्रोहाचे खटले मुंबई उच्च न्यायालयात ज्यूरीपुढे चालले. २२ जुलै १९०८ रोजी ज्यूरीने सात विरुद्ध दोन अशा मताने टिळकांना दोषी ठरविले आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. निकाल अन्याय्य होता. परंतु ज्या लेखांसाठी खटला झाला ते लेख आणि टिळकांचे अनेक दिवस चाललेले भाषण हे सर्व न्यायालयाच्या दप्तरात आणि वृत्तपत्रांत नोंदले गेले. जो मजकूर दडपावयाचा, तोच खटल्याच्या निमित्ताने अधिक दूर पोहोचला.

नागपूरच्या इतिहासातही याचे उदाहरण आहे. माधवराव सप्रे यांनी १३ एप्रिल १९०७ पासून नागपुरात ‘हिंदी केसरी’ सुरू केला. ‘केसरी’तील विचार हिंदी वाचकांपर्यंत नेणे हे त्याचे कार्य होते आणि त्याला टिळकांची संमती होती. येथे मूळ लेखकच आपल्या लेखनाच्या प्रसारास अनुकूल होता. प्रसार थांबविण्याची गरज सरकारला वाटली आणि ऑगस्ट १९०८ मध्ये सप्रे यांना अटक झाली. पुढे दोन वर्षांनी गांधीजींनी ‘हिंद स्वराज्य’च्या बाबतीत हाच विचार टोकाला नेला. मूळ गुजराती पुस्तकावर मुंबई सरकारने मार्च १९१० मध्ये बंदी घातली. त्याच वर्षीची इंग्रजी आवृत्ती कोणतेही हक्क राखून न ठेवता प्रसिद्ध झाली. बंदीवर उपाय नकलेचा, हे त्यामागील सूत्र उघड आहे. १९१० च्या मुद्रणविषयक कायद्याने पुनः जामिनकी आणि जप्तीचा मार्ग पत्करला. मात्र यावेळी जप्तीविरुद्ध उच्च न्यायालयाच्या विशेष पीठाकडे दाद मागण्याची सोय ठेवणे सरकारला भाग पडले.

या सर्व काळात स्वामित्वहक्काचा कायदा दडपणाचे साधन म्हणून फारसा पुढे आला नाही. हक्कधारकाला न्यायालयात दावा लावावा लागे, मालकी सिद्ध करावी लागे आणि प्रतिवादीचे म्हणणे ऐकले जाई. शिवाय छापून वितरित झालेली प्रत परत आणणे कोणाच्याच हाती नव्हते. या दोन्ही गोष्टी विसाव्या शतकाच्या अखेरीस बदलल्या.

४

१९५७ चा भारतीय कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अंमलात आला. त्याच्या ५२ व्या कलमात कोणत्या कृतींनी हक्कभंग होत नाही याची यादी आहे. खाजगी अभ्यास व संशोधन, टीका व परीक्षण, चालू घटनांचे वृत्तनिवेदन यांसाठी केलेला रास्त वापर तीत येतो. या कलमाचा हेतू राज्यघटनेने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण करणे हा आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने वायली ईस्टर्न प्रकरणात १९९५ साली म्हटले. केरळ उच्च न्यायालयाने सिविक चंद्रन प्रकरणात १९९६ साली या तत्त्वाचा उपयोग विडंबनासारख्या कृतीस केला. तोप्पिल भासी यांच्या सुप्रसिद्ध मल्याळी नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकात मूळ नाटकाचा आधार घेणे अपरिहार्य होते. टीका हाच हेतू असल्याने तो वापर रास्त ठरू शकतो, अशी न्यायालयाची भूमिका होती.

मराठी वाचकाला हे तत्त्व समजावून देण्याचे कारण नाही. ‘केशवकुमार’ या नावाने अत्र्यांनी लिहिलेल्या ‘झेंडूची फुले’मधील विडंबने मूळ कवितांचे वळण कानात घुमल्याशिवाय कळतच नाहीत. विडंबनाने मूळ कृतीचे काही घ्यावयाचेच नाही असा नियम केला, तर विडंबन हा प्रकारच उरणार नाही. तीच गोष्ट पुराव्याची. एखाद्या संस्थेने अमुक आश्वासन दिले होते हे दाखवावयाचे, तर तिचेच पत्रक वाचकापुढे ठेवावे लागते. आणि त्या पत्रकाचा हक्क बहुधा त्या संस्थेकडेच असतो. ज्याच्यावर टीका करावयाची त्याच्याच मालकीची वस्तू टीकेला पुरावा म्हणून लागते, ही या प्रश्नातील खरी गुंतागुंत होय. ५२ वे कलम तिच्यावरील उत्तर आहे. परंतु ते उत्तर ऐकून घेण्यासाठी न्यायाधीश असावा लागतो.

५

अमेरिकेने १९९८ साली केलेल्या कायद्याने ही स्थिती पालटली. वापरणाऱ्यांनी चढविलेल्या मजकुरासाठी माध्यमसंस्थेला दरवेळी जबाबदार धरले, तर तिचा व्यवहारच अशक्य होईल, हे ओळखून त्या कायद्याने एक तडजोड केली. हक्कधारकाने नोटीस दिली की संस्थेने मजकूर तत्परतेने काढावा. तसे केल्यास तिच्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येणार नाही. मजकूर चढविणाऱ्याने प्रतिनोटीस दिल्यास आणि तक्रारदाराने दहा ते चौदा कामकाजाच्या दिवसांत दावा न लावल्यास मजकूर पुनः ठेवता येतो. जाणूनबुजून खोटे निवेदन करणाऱ्यास नुकसानभरपाई द्यावी लागेल, असेही कलम त्यात आहे.

या व्यवस्थेचा हेतू चोरीच्या प्रतींना आळा घालणे हाच होता, आणि तसा तिचा उपयोगही मोठ्या प्रमाणावर होतो. तथापि पाच वर्षांतच तिची दुसरी बाजू उघडकीस आली. मतदानयंत्रे बनविणाऱ्या डीबोल्ड कंपनीचा अंतर्गत पत्रव्यवहार २००३ साली बाहेर फुटला. यंत्रांतील दोषांची चर्चा त्यात होती. स्वार्थमोर महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी तो प्रसिद्ध केला. पत्रे खोटी आहेत असे कंपनीने म्हटले नाही. ती आपल्या मालकीची आहेत असे म्हणून तिने स्वामित्वहक्काच्या नोटिशी धाडल्या. कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने २००४ साली निर्णय दिला की, या पत्रव्यवहाराच्या काही भागांवर तरी स्वामित्वहक्काचे संरक्षण लागू नाही हे कंपनीला ठाऊक होते, आणि तरीही तिने नोटिशी दिल्या. कंपनीने अखेर १,२५,००० डॉलर दिले. पत्र खरे आहे, म्हणूनच ते माझे आहे, आणि म्हणूनच ते काढून टाका, असा हा विलक्षण युक्तिवाद होता. मालकी सांगताना मजकुराच्या खरेपणाची कबुलीच त्यात दिली जाते.

याहून हीन प्रकार पुढे आला. प्रतिकूल लेख जसाच्या तसा उचलून दुसऱ्या एखाद्या बनावट संकेतस्थळावर मागील तारीख घालून ठेवावयाचा, आणि मग तोच ‘मूळ’ लेख असल्याची बतावणी करून खऱ्या लेखाविरुद्ध तक्रार करावयाची. पत्रकारांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एलिमिनालिया या स्पॅनिश कंपनीचे अंतर्गत कागद अभ्यासून प्रसिद्ध केलेल्या वृत्तमालेत, ग्राहकांविषयीचा प्रतिकूल मजकूर हटविण्यासाठी खोट्या स्वामित्वहक्क-तक्रारींचा वापर झाल्याचे दाखवून दिले. येथे चोरच धन्याला चोर ठरवितो, आणि रखवालदार त्याच्या सांगण्यावरून धन्याला बाहेर काढतो.

६

भारतात या व्यवस्थेने २०१२ साली कायद्यात प्रवेश केला. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ५२ व्या कलमात, लेखी तक्रार आल्यावर मजकुराची उपलब्धता एकवीस दिवस, किंवा न्यायालयाचा आदेश येईपर्यंत, थांबविण्याची तरतूद केली. २०१३ च्या नियमावलीतील ७५ व्या नियमाने तिचा तपशील ठरविला. माध्यमसंस्थेने छत्तीस तासांत कार्यवाही करावयाची. तक्रारदाराने एकवीस दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून दिला नाही तर मजकूर पूर्ववत ठेवता येतो. तक्रार केलेली कृती ५२ व्या कलमाच्या सवलतीत बसत नाही हे तक्रारदाराने दाखवावयाचे असते, आणि दावा लावण्याची हमीही द्यावयाची असते. कागदावर ही व्यवस्था अमेरिकन कायद्यापेक्षा अधिक समतोल म्हणावी लागेल.

असे असता दुरुपयोगाला वाव कोठून मिळाला? याचे उत्तर दोन न्यायनिर्णयांच्या एकत्रित परिणामात सापडते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर मत व्यक्त केल्यावरून पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली. या घटनेनंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी निर्णय दिला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ हे कलम रद्द झाले. शिवाय मजकूर काढण्यासाठी कोणा खाजगी व्यक्तीची तक्रार पुरेशी नसून न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची अधिसूचना पाहिजे, असा अर्थ ७९ व्या कलमाला देण्यात आला. बदनामी झाली असे ज्याला वाटते, त्याला न्यायालयात जाणे भाग पडले.

तेथे गेल्यावर काय होऊ शकते, हे त्याच वर्षी मुंबईत दिसले. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने ‘मनीलाइफ’ या मुंबईच्या नियतकालिकाविरुद्ध बदनामीचा दावा लावला होता. मुंबई उच्च न्यायालयाने ९ सप्टेंबर २०१५ रोजी मनाईहुकूम नाकारला आणि एक्स्चेंजवरच एकूण ५० लाख रुपयांचा खर्च बसविला. त्यांपैकी प्रत्येकी दीड लाख दोघा पत्रकारांना आणि उरलेली रक्कम रुग्णालयांना द्यावयाची होती. बलाढ्य वादीलाही न्यायालयात जोखीम पत्करावी लागते, याचे हे उदाहरण होय.

परंतु दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २३ डिसेंबर २०१६ रोजी मायस्पेस प्रकरणात स्वामित्वहक्काचा विषय वेगळा काढला. विशिष्ट मजकूर दर्शविणारी हक्कधारकाची नोटीस मिळाली, की माध्यमसंस्थेला ‘प्रत्यक्ष ज्ञान’ झाले असे समजावे. त्यासाठी न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही, असे त्या निर्णयाचे सार आहे. चोरीच्या प्रतींच्या दृष्टीने हा निर्णय समर्थनीय आहे. पण दोन्ही निर्णय शेजारी ठेवले असता एक विषम चित्र दिसते. ‘हा मजकूर माझी बदनामी करतो’ असे म्हणणाऱ्याच्या वाटेत न्यायाधीश उभा आहे. ‘या मजकुरात माझे चित्र आहे’ असे म्हणणाऱ्याच्या वाटेत कोणी नाही. ज्याची खरी तक्रार पहिल्या प्रकारची आहे, त्याला ती दुसऱ्या प्रकारची म्हणून मांडण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. १८७८ साली मुद्रकाच्या अनामतीवर जे दडपण होते, तेच येथे माध्यमसंस्थेच्या कायदेशीर संरक्षणावर आहे. आणि ती संस्थाही मुद्रकाप्रमाणेच वागते.

७

मुंबईत २०२५ साली घडलेल्या एका प्रकरणात या दोन वाटा एकाच वेळी दिसल्या. विनोदकार कुणाल कामरा यांच्या ‘नया भारत’ या कार्यक्रमाची चित्रफीत २३ मार्च २०२५ रोजी यूट्यूबवर प्रसिद्ध झाली. हिंदी चित्रपटगीतांच्या चालींवरील राजकीय विडंबने तीत होती. त्यांपैकी एक उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांना उद्देशून असल्याचे मानले गेले आणि खार येथील ज्या स्थळी कार्यक्रम झाला होता त्याची शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी मोडतोड केली. कामरा यांच्यावर गुन्हाही नोंदविण्यात आला. तो विषय न्यायालयापुढे गेला, आणि तपास चालू असेतोवर त्यांना अटक करू नये असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २५ एप्रिल रोजी दिला.

दरम्यान २६ मार्च रोजी कामरा यांनी जाहीर केले की, टी-सीरीज या संगीतकंपनीच्या स्वामित्वहक्काच्या दाव्यामुळे त्यांच्या चित्रफितीवर यूट्यूबने बंधने घातली आहेत. प्रश्न ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) या चित्रपटातील ‘हवा हवाई’ या गीताच्या विडंबनाचा होता. आपण मूळ शब्द वा मूळ वाद्यसंगीत वापरलेले नाही आणि विडंबन हा रास्त वापर होय, अशी त्यांची भूमिका होती. कंपनीचा हेतू केवळ आपल्या हक्काचे रक्षण हाच असू शकेल. त्याविषयी निष्कर्ष काढण्याचे येथे प्रयोजन नाही. ध्यानात घ्यावयाची गोष्ट निराळी आहे. पोलिसी कारवाईच्या बाबतीत दोन्ही बाजूंचे म्हणणे न्यायाधीशाने ऐकले. विडंबन हे ५२ व्या कलमात बसते की नाही, हा कायद्याचा नाजूक प्रश्न मात्र कोणत्याही न्यायाधीशाने हाताळण्यापूर्वीच, एका दाव्याच्या नोंदीने त्याचा व्यावहारिक निकाल लावला.

८

मोठ्या शहरातील प्रसिद्ध कलावंताला निदान वृत्तपत्रे विचारतात. सामान्य नागरिकाची स्थिती समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घ्यावे. नागपूरच्या मनीषनगरात सदनिका घेतलेल्या एखाद्या कुटुंबाने, विक्रीच्या वेळी मिळालेल्या माहितीपुस्तिकेतील नकाशा आणि प्रत्यक्षात झालेले बांधकाम यांची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून एक चित्रफीत प्रसिद्ध केली, असे समजा. बांधकाम व्यावसायिक ‘हे खोटे आहे’ असे म्हणू शकत नाही. परंतु पुस्तिकेतील नकाशा आपल्या मालकीचा आहे, असे म्हणण्याची सोय त्याला आहे. टीकेसाठी केलेला हा रास्त वापर आहे, हे कायद्याचे विद्यार्थी सहज सांगतील. तरीही नोटीस गेल्यावर चित्रफीत प्रथम काढली जाईल आणि विचार मागाहून होईल.

त्या कुटुंबापुढे कोणते उपाय राहतात? बव्हंशी मोठ्या माध्यमसंस्था अमेरिकन असून त्यांची कार्यपद्धती तेथील कायद्यावर बेतलेली आहे. प्रतिनोटीस द्यावयाची तर स्वतःचे खरे नाव व पत्ता द्यावा लागतो, तो तक्रारदाराकडे पोहोचतो, आणि अमेरिकेतील न्यायालयाची अधिकारिता मान्य करावी लागते. यूट्यूबच्या नियमांनुसार नव्वद दिवसांत तीन वेळा हक्कभंगाची कारवाई झाल्यास संपूर्ण वाहिनी बंद होऊ शकते. म्हणून एका चित्रफितीसाठी झगडणाऱ्याला बाकीच्या चित्रफितींचीही चिंता करावी लागते. पुष्कळ लोक गप्प बसणे पसंत करतात, यात नवल नाही.

भारतीय कायद्यात एक उपाय आहे, पण त्याची आठवण फार थोड्यांना असते. १९५७ च्या कायद्याचे ६० वे कलम निराधार धमकीविरुद्ध आहे. हक्कभंगाच्या नावाखाली कारवाईची धमकी दिली गेल्यास, हक्कभंग झालेलाच नाही असे जाहीर करून मागण्याचा, धमक्या थांबविण्याचा आणि नुकसानभरपाई मिळविण्याचा दावा बाधित व्यक्तीला लावता येतो. मात्र धमकी देणाऱ्याने योग्य तत्परतेने स्वतःच हक्कभंगाचा दावा लावला व चालविला, तर या कलमाचा आधार उरत नाही. शिवाय नोटीस विनामूल्य आहे आणि दाव्याला वकील, शुल्क व वर्षे लागतात. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच न्यायालयात जावे आणि ज्याने तो केला त्याला जाण्याची गरज पडू नये, ही या व्यवस्थेची मूळ विसंगती होय.

९

इतिहासाच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती सर्वांत गंभीर आहे. ब्रिटिश राजवटीने जप्त केलेली पुस्तके व पत्रके आज अभ्यासकाला उपलब्ध आहेत, ती एका विपरीत कारणाने. सरकारने बंदी घातली, आदेश राजपत्रात छापला आणि जप्त प्रती दप्तरी ठेवल्या. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असलेल्या त्या साहित्यावर सूची आणि ग्रंथ तयार झाले. दडपणाऱ्याने नकळत जतनही केले. १८६७ च्या कायद्याखालील ग्रंथसूची पहारा ठेवण्यासाठी होत्या, पण आज त्याच मराठी मुद्रणाच्या इतिहासाचे एक मुख्य साधन आहेत.

नोटिशीने काढलेल्या मजकुराचे तसे होत नाही. त्याचे राजपत्र नाही, त्याची जप्त प्रत नाही, आणि पुष्कळदा तो होता याची खूणही नाही. हार्वर्ड विद्यापीठाशी संलग्न असलेल्या आणि २००२ पासून चालू असलेल्या ‘लुमेन’ या संग्रहात अशा नोटिशी जमा केल्या जातात. परंतु त्या देणे माध्यमसंस्थांच्या स्वेच्छेवर आहे, आणि संग्रहात राहते ती नोटीस, मूळ मजकूर नव्हे. भावी संशोधकाला तक्रार सापडेल, पण तक्रार कशाविरुद्ध होती ते कळणार नाही.

या विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. स्वामित्वहक्क सैल करणे हा या दुरुपयोगावरील उपाय नव्हे. लेखक, गायक, छायाचित्रकार यांना त्याची गरज आहेच. नोटिशीमुळे होणारी कार्यवाही तात्पुरती राहिली पाहिजे, ७५ व्या नियमातील एकवीस दिवसांची मर्यादा माध्यमसंस्थांनी खरोखर पाळली पाहिजे, आणि ५२ व्या कलमाचा विचार न करता नोटीस देणाऱ्याला तिची काही किंमत मोजावी लागली पाहिजे. १९१० च्या कायद्यात परक्या सरकारलाही उच्च न्यायालयाचे दार उघडे ठेवावे लागले होते. स्वतंत्र देशातील खाजगी हक्कधारकाला त्याहून अधिक निरंकुश अधिकार मिळावा, याचे समर्थन करता येणार नाही.

तोपर्यंत संशोधकांपुढे एक साधे कर्तव्य उरते. महाजालावरील समकालीन साधन वापरताना त्याची तारखेसह नक्कल काढून ठेवावी, आणि ते पुढे नाहीसे झाल्यास ते कोणत्या नोटिशीने नाहीसे झाले याचीही नोंद करावी. खाजगी अभ्यास व संशोधन यांसाठी रास्त वापराची मुभा ५२ व्या कलमाने दिलेलीच आहे. विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी हे काम पद्धतशीरपणे अंगावर घेतले, तर १८६७ च्या सूचींनी एकोणिसाव्या शतकासाठी जे केले, ते या शतकासाठी करता येईल. आणि या वेळी ते पहारा ठेवण्यासाठी नव्हे, तर अभ्यासासाठी केलेले असेल.